फास्टर फेणेला सुट्टी कोण देतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या भागाचं नाव शीव. स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत सायन लिहिलेलं असतं आणि हल्ली मराठी माणसंही सायनच म्हणतात. पण मूळ शब्द शीव. गावाची शीव, शेताची शीव म्हणतो, तीच ही. परळचं बेट इथं संपायचं आणि खाडी ओलांडली की साष्टी सुरू व्हायची. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. त्या हद्दीवर नजर ठेवायला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. तो लढाईच्या कामी कितपत आला ते इतिहासकार सांगतील. आमच्या कामी तो फार आला. तिथं बसून आम्ही पुस्तकं वाचली.

माझा जन्म १९५५ चा. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहत होतो. वाचायला घरात कोपरा नव्हता, दिवाही एकच. म्हणून शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या. वरून खाडी दिसे, मिठागरं दिसत, कुर्ल्याकडच्या चिमण्या दिसत आणि खाली धारावीची पत्र्यांची छपरं. माझा एक मित्र त्या छपरांखालून यायचा. शाळेत तो माझ्या शेजारच्या बाकावर. आमच्या दोघांत मिळून वाचनालयाचं एकच कार्ड होतं, माझ्या नावाचं. वर्गणी निम्मी निम्मी.

त्या वाचनालयात दोन कपाटं होती. एकावर 'बालविभाग' अशी पाटी, दुसऱ्यावर 'कादंबऱ्या'. पहिल्या कपाटातल्या पऱ्या, राक्षस आणि चतुर कोल्हे आम्ही सहावीपर्यंत संपवले. दुसऱ्या कपाटाला हात लावला की ग्रंथपालकाका चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "अजून वेळ आहे रे तुला." म्हणजे एका कपाटातून बाहेर पडलो होतो आणि दुसऱ्यात प्रवेश नव्हता. आम्ही शीवेवर उभे होतो. तेरा ते सोळा या वयाच्या मुलांची मराठीत ही अशी गत का व्हावी, या प्रश्नानं पुढं मला आयुष्यभर सोडलं नाही. मी शाळामास्तर झालो, शाळेचं ग्रंथालयही बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे प्रश्न रोज समोर येऊन बसायचा. आज त्याच प्रश्नाची थोडी हकीकत सांगायची आहे.

मराठी मुलांसाठी छापील पुस्तकं निघू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' काढलं. ते बेरकँ नावाच्या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या वाटेनं मराठीत आलं होतं. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ चं. वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. या सगळ्या मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्यांच्या लेखनातला आवाज बहुतेक वेळा मास्तरांचा किंवा वडिलांचा आहे. मुलानं ऐकायचं, शिकायचं आणि चांगलं व्हायचं. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललंय हे त्याला विचारावं, अशी पद्धतच तेव्हा नव्हती. घरातही नव्हती, तर पुस्तकात कुठून येणार?

मग त्या वयाची मुलं वाचायची काय? ती चोरून वाचायची. आमच्या वडिलांच्या पिढीनं नाथमाधवांचं 'वीरधवल' असंच वाचलं. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. सिंहगडावरून पडून ते कायमचे अधू झाले आणि अंथरुणावरून त्यांनी घोडेस्वारांच्या आणि तलवारबाजीच्या कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या पिढीचे चोरून वाचायचे लेखक बाबूराव अर्नाळकर. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतली किती मुलं गणिताच्या वहीखाली पुस्तक धरून बसवली असतील, त्याची गणती नाही. ही पुस्तकं मुलांसाठी लिहिलेली नव्हती. मुलांनीच ती आपली करून घेतली होती.

या सगळ्यात एक पुस्तक वेगळं उभं राहिलं. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी पाचेक दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. आपण ते पुस्तक डोळे पुसत वाचतो, त्यामुळे त्याच्या घडणीकडे लक्ष जात नाही. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. आश्रमातले मित्र गोल करून बसलेत आणि श्याम त्यांना सांगतोय. मधेच कोणी काही विचारतं, कोणी उशिरा येतं, कोणाची आजच्या गोष्टीसाठी घाई चाललेली असते. म्हणजे लेखक इथं उंचावर बसून बोलत नाही, ऐकणाऱ्यांच्या घोळक्यातच बसलेला आहे. आणि तो स्वतःचे पराक्रम सांगत नाही. आपण कुठं चुकलो, कुठं खोटं बोललो, कुठं रुसलो ते सांगतो. मोठ्या माणसानं आपल्या चुका मुलांसमोर मांडणं ही त्या काळी केवढी नवी गोष्ट असेल! पुढं गुरुजींनी सुधा या पुतणीला लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली, तीही त्याच जातीची. लेखक आणि कुमार वाचक यांच्यातल्या गप्पांची मराठीतली सुरुवात मी तिथून धरतो.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्याच्या जवळचाच. आईबापाविना असलेला मुलगा एका घरात येतो आणि त्या घराचाच होतो. ताम्हनकर किर्लोस्करवाडीच्या वातावरणातले. त्यांनी 'चिंगी'ही लिहिली. वात्रट, बोलकी मुलगी पुस्तकाची नायिका होऊ शकते हे मराठी मुलींना तिच्यामुळे कळलं. पण गोट्या काय, चिंगी काय, आम्ही किल्ल्यावर पोचलो तोवर आमच्याहून लहान झाले होते.

आणि मग १९६८ च्या सुमारास आमच्या हाती फास्टर फेणे लागला.

बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवनात. अंगानं काडी, सायकलवर वारा, तोंडानं 'ट्टॉक्' असा आवाज. राम वाईरकरांनी काढलेलं त्याचं चित्र इतकं आमच्या डोक्यात बसलं, की मित्रानं घरातल्या कुणाचा तरी चौकड्यांचा सदरा बरेच दिवस सोडला नाही. चांगला फेणे व्हायला आणखी एक सायकल लागते. ती आमच्याकडे नव्हती. तासावर भाड्यानं मिळायची. पंचवीस पैशांत एक तास. अर्धा तास तो, अर्धा तास मी.

फेणेचे लेखक भास्कर रामचंद्र भागवत. त्यांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. फेणे जन्मला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. हे मला पुढं कळलं तेव्हा नवल वाटलं. पन्नाशीच्या माणसाला तेरा वर्षांच्या मुलाची घाई कशी कळली असेल? भागवत काही काळ रेडिओवर नोकरीला होते आणि बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनी पुढं मुंबई आकाशवाणीवर मुलांचा 'गंमत जंमत' हा कार्यक्रम सांभाळला. १९५१ मध्ये या दोघांनी 'बालमित्र' मासिक काढलं आणि सहाएक वर्षं ते नेटानं चालवलं. छत्र्यांच्या पुस्तकाचंच नाव, सव्वाशे वर्षांनंतर. पण या बाळमित्रातला मित्र आता खरंच मित्र होता. मला वाटतं, रेडिओ आणि मासिक या दोन्ही कामांनी भागवतांचा कान तयार केला असावा. समोर न दिसणाऱ्या मुलाशी बोलायचं, आणि ते मूल केव्हाही खटका बंद करून उठून जाऊ शकतं याची जाणीव ठेवून बोलायचं! त्यांची वाक्यं धावतात. त्यांत उपदेशाला बसायला जागाच नसते.

त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही नावं आजही साठी-सत्तरीच्या माणसांचे डोळे लकाकवतात. पुस्तकांत बुडालेला बिपीन बुकलवारही त्यांचाच. पण फेणेची गंमत अशी की तो इथलाच होता. त्याच्या गोष्टीत पुण्याचे रस्ते होते, एसटी होती, चीनबरोबरच्या युद्धाचं सावटही होतं. साहस करायला लंडनला जावं लागत नाही, फुरसुंगीहून निघालं तरी चालतं, ही त्या वेळी फार मोठी बातमी होती.

एकदा किल्ल्यावर बसून आम्ही फेणेचं एक पुस्तक संपवलं. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "याला एवढी सुट्टी कोण देतं रे?"

मी म्हटलं, "शाळेला सुट्टी असते तेव्हा जातो तो."

"ते नाही. घरच्यांचं काम कोण करतं मग?"

मला प्रश्नच नीट कळला नाही. माझ्या मित्राच्या घरी चामड्याच्या पिशव्या शिवायचं काम चाले. शाळा सुटल्यावर किल्ल्यावर यायला मिळणारा तासभर तो घरी खोटं सांगून मिळवत असे. मे महिना म्हणजे त्याच्यासाठी सुट्टी नव्हती, दिवसभराचं काम होतं. फेणे आवडायचा, खूप आवडायचा. पण फेणेच्या पानांत या मुलाला बसायला जागा नव्हती, आणि ते त्यानं तेराव्या वर्षी एका वाक्यात ओळखलं होतं.

मी तो प्रश्न लेखकालाच विचारायचं ठरवलं. वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. 'तीर्थस्वरूप भागवतकाका यांस' वगैरे. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकात छापलेला होताच. टाकण्याआधी मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नको पाठवू. त्यांना वाईट वाटेल."

मी पत्र टाकलं नाही. आठवीनंतर मित्राची शाळा सुटली.

इथं थोडं थांबून आपल्या बाहेर काय चाललं होतं ते बघू. अमेरिकेत टल्सा नावाच्या गावी एस. ई. हिंटन नावाची मुलगी शाळेत असतानाच कादंबरी लिहीत होती. आपल्या वयाच्या मुलांचं खरं जगणं, त्यांच्यातली गरीब-श्रीमंतांची मारामारी पुस्तकांत येत नाही, ही तिची तक्रार होती. 'द आउटसायडर्स' १९६७ साली निघाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिकडे या वयाच्या वाचकासाठी ग्रंथालयांत वेगळं कपाट आलं ते अशा पुस्तकांच्या बळावर. माझ्या मित्राची तक्रार आणि तिची तक्रार यांत फारसं अंतर नाही. फरक इतकाच की तिच्या हाती टंकयंत्र लागलं आणि याच्या हाती चामडं शिवायची सुई.

जवळचं उदाहरण हवं तर बंगालचं घ्या. सत्यजित राय यांनी १९६१ साली आजोबांचं 'संदेश' मासिक पुन्हा सुरू केलं आणि १९६५ पासून त्यात फेलूदा आणला. सिनेमातला एवढा मोठा माणूस मुलांच्या मासिकासाठी लिहितो, चित्रं काढतो, आणि ते काम दुय्यम मानत नाही. आपल्याकडे मात्र 'मुलांसाठी लिहितात' हे वाक्य थोडं मान तिरकी करूनच म्हटलं जाई.

तरी सत्तरच्या दशकात हालचाल झाली. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी बालभारतीनं 'किशोर' मासिक सुरू केलं. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. नावातच वय सांगितलेलं होतं: बाल नव्हे, किशोर. नामवंत साहित्यिक तिथं लिहू लागले आणि गावोगावच्या शाळांत ते पोचलं. पुण्यात अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकारानं बालकुमार साहित्य संस्था उभी राहिली, तिची संमेलनं भरू लागली. मुलांनी पुस्तकातला लेखक प्रत्यक्ष पाहिला तो अशा मांडवांत. इकडे आकाशवाणीवरून दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मुलांच्या घरात शिरला. तो आधी ऐकायचा होता, पुस्तक नंतर झालं. आमच्या दादरच्या बाजूला तर नाटकांचा मोसमच असे. सुधा करमरकरांचं 'लिटल थिएटर' आणि रत्नाकर मतकरींची 'बालनाट्य' यांनी दोनेक पिढ्यांच्या सुट्ट्या भरून टाकल्या.

पण लक्षात घ्या, यातलं बरंचसं बारा वर्षांपर्यंत येऊन थांबत होतं. मुलगा मिसरूड फुटेपर्यंतचा. त्यापुढं मनात जे वादळ उठतं, शरीराबद्दल, शाळेतल्या मुलीबद्दल, बापाबद्दल, पैशाबद्दल, त्याला कुमारांच्या कपाटात खण नव्हता.

तो खण मराठीत आला, पण पाटी न लावता आला. प्रकाश नारायण संतांचा लंपन १९९४ मध्ये 'वनवास' या पुस्तकातून आला. मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. संत कराडला भूविज्ञान शिकवत. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा कानडीच्या शेजारची मराठी बोलतो आणि त्याला काय होतंय ते त्यालाच कळत नाही. ते न कळणंच तिथं लिहिलेलं आहे. मग २००४ मध्ये मिलिंद बोकील यांची 'शाळा' आली. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. ही दोन्ही पुस्तकं मोठ्यांनी वाचली, मोठ्यांनी गौरवली, आपलं बालपण आठवून हळहळण्यासाठी वाचली. ज्यांचं ते वय होतं त्यांच्या हाती ती द्यावीत असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

माझ्या मनात आलं. आणि तिथं मी कसा वागलो, तेही सांगितलं पाहिजे.

२००६ च्या सुमारास मी शीवच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. नववीच्या वर्गात ऑफ तासाला मी 'शाळा'तली काही पानं वाचून दाखवली. एरवी मागच्या बाकांवर चाललेली चुळबुळ बंद झाली. कुणी हसलं नाही. शिरोडकरचा उल्लेख आला तेव्हा तर वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पुढच्या आठवड्यात एक पालक येऊन वरिष्ठांना भेटले. मला बोलावणं आलं. पुस्तक चांगलंच आहे, पण नववीच्या मुलांना नको, असं ठरलं. नववीच्या मुलाची कादंबरी नववीच्या मुलांना नको! मी वाद घालायला हवा होता. मी "बरं" म्हणालो आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. अडतीस वर्षांपूर्वीचे ग्रंथपालकाका मला कपाटाच्या काचेत दिसले. फक्त आता चष्मा माझा होता.

दिवाळीनंतर कपाट आवरताना पाहिलं, तर पुस्तक जागेवर नव्हतं. कुलूप शाबूत. मी कुणाला विचारलं नाही. मार्चमध्ये ते परत आलं. कुणीतरी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कडा मऊ झाल्या होत्या, आणि आतल्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात पेन्सिलनं तारखांची रांग होती. तेवीस तारखा. तेवीस मुलांनी ते आळीपाळीनं वाचलं होतं आणि नोंदही ठेवली होती. माझ्या कार्यकाळात ग्रंथालयाचं रजिस्टर इतकं चोख कधी भरलं गेलं नाही.

त्यानंतर मी एक ठरवलं. पुस्तक द्यायला बंदी असेल, लेखकाला बोलवायला तर बंदी नाही? वर्षातून एकदा, मराठीचा तास जोडून घ्यायचा आणि एखाद्या लेखकाला वर्गात आणायचं. हार नाही, स्वागतगीत नाही, व्यासपीठ नाही. लेखकानं बाकावर बसायचं. अट दोन्हीकडून एकच: मुलांनी पुस्तक आधी वाचायचं आणि लेखकानं भाषण करायचं नाही. मुलांच्या प्रश्नांची तऱ्हा मला तोंडपाठ झाली. पहिला प्रश्न, "तुम्हाला कल्पना कशा सुचतात?" दुसरा, "पैसे किती मिळतात?" तिसऱ्यापासून खरी मजा सुरू होते. "हा मुलगा शेवटी घरी जातो, तो खरंच गेला असता का?" एका लेखकाला मुलांनी विचारलं, "तुमच्या पुस्तकातली मुलं शिव्या का देत नाहीत?" ते गृहस्थ लाजले, मग मोकळेपणानं म्हणाले, "प्रकाशक घाबरतात आणि मीही घाबरतो." त्या उत्तरानंतर त्यांची पुस्तकं ग्रंथालयात उरली नाहीत, सगळी बाहेर गेली.

एक वर्षी एक लेखिका आल्या होत्या. नाव सांगत नाही, त्यांना संकोच वाटेल. त्यांची सुट्टीतल्या भटकंतीवरची छोटी कादंबरी मुलांनी वाचली होती. शेवटी मागून एक मुलगी उठली. धारावीतून येणारी. म्हणाली, "बाई, पुस्तक आवडलं. पण त्या मुलीच्या घरी पाणी कोण भरतं?"

माझ्या हातातला खडू खाली पडला. किल्ल्यावरचा तो दिवस, तोच प्रश्न, चाळीस वर्षांनी.

लेखिका लगेच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कोण भरतं?" मुलगी सांगू लागली. पहाटेची वेळ, हंड्यांची रांग, नंबरावरून होणारी भांडणं, रांगेत उभं राहून पाठ केलेल्या कविता. पाच मिनिटं ती बोलली आणि वर्ग ऐकत राहिला. लेखिका म्हणाल्या, "हे मला माहीत नाही, म्हणून माझ्या पुस्तकात नाही. तू लिही. मला पाठव." मुलीनं खरंच लिहिलं. तीन पत्रं गेली, तीन उत्तरं आली. मग दहावीचं वर्ष लागलं, क्लास लागले, आणि पत्रं थांबली. तिची पुढं कादंबरी झाली असं सांगायला मला आवडलं असतं. झाली नाही. ती आज एका रुग्णालयात नोकरी करते आणि तिच्या मुलीला पुस्तकं घेते. पण ती तीन उत्तरं तिनं जपून ठेवली आहेत, हे मला तिनं आपणहून सांगितलं.

या प्रश्नाला मराठीनं काहीच उत्तर दिलं नाही असं नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून सुरू झाला. त्याची मराठी यादी चाळली तर वारा थोडा बदललेला दिसतो. २०१७ मध्ये ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला तो मिळाला. धरणाच्या पाण्यानं गाव सुटतं तेव्हा मुलाचं काय होतं ते तिथं आहे. २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला. २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला. इथं मुलगी स्वतःच लिहिते आहे. कुणाचं बालपण पुस्तकात येणार, याचं कुंपण हळूहळू मागं सरकतंय. 'किशोर'चे जुने अंक तर बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. अडचण आता दुसऱ्या बाजूनं आहे. आमच्या भागातल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. इमारतीतली तेरा वर्षांची मुलं मराठी बोलतात, पण दोनशे पानं मराठीत वाचायची म्हटली की दमतात. इंग्रजीत त्यांच्या वयाचं कपाट भरलेलं आहे, तिकडे ती जातात. त्यांना दोष कसा द्यायचा? आपण त्यांच्यासाठी काय ठेवलं होतं, हा प्रश्न आधी येतो.

भागवत २००१ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. शिक्षकांच्या खोलीत पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा ते न टाकलेलं पत्र आठवलं. तेहतीस वर्षं होती माझ्याकडे. विचारता आलं असतं. पुण्याला जाऊन समोर बसूनही विचारता आलं असतं. मित्राला वाटलं तसं त्यांना वाईट वाटलं असतं, की फेणेच्या टोळीत धारावीचा एखादा पोरगा दाखल झाला असता? आता कोण सांगणार!

माझा मित्र पुढं स्वतःच्या कारखान्याचा मालक झाला. पिशव्यांचाच. अधूनमधून भेटतो. २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' सिनेमा आला तेव्हा त्याचाच फोन आला, "चल." आम्ही दोन म्हातारे पोरांच्या गर्दीत जाऊन बसलो. फेणे आता मोठा झालेला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला निघालेला. मित्र कानात म्हणाला, "बघ, अजून परीक्षाच देतोय." मग पडद्यावर भा. रा. भागवत आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. चष्मा, पांढरे केस, शांत बोलणं. मित्रानं मला कोपर मारलं. म्हणाला, "आता विचार."

आम्ही दोघं इतके हसलो की पुढच्या रांगेतल्या मुलांनी वळून पाहिलं.

घरी येऊन मी जुनी ट्रंक उघडली. पत्र सापडलं. वहीचं पान पिवळं पडलेलं, शाई फिकी. खाली सहीच्या जागी आमच्या दोघांची नावं. मी विसरूनच गेलो होतो, पत्र मी एकट्यानं लिहिलं नव्हतं.

तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या घरात, शेजारात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल, तर त्याच्या हाती एक मराठी पुस्तक द्या. ते वाचून त्याला काही खटकलं, कुठं आपण नाही असं वाटलं, तर त्याला सांगा की ज्यानं लिहिलंय त्यालाच विचार. आज लिहिणारी माणसं आहेत, त्यांना पत्ते आहेत, त्यांना मुलांच्या पत्रांची वाट बघायला आवडतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. पत्र लिहून झालं की ते पोस्टात पडलं का, तेवढं मात्र स्वतः बघा.